रिपोर्ट नॉर्मल, तरी अ‍ॅटॅक? रक्तातल्या चरबीवरचं नवं संशोधन आणि आपण कोल्हापूरकर

पंचगंगा_घाट:

मिसळीच्या धाग्यावर 'कट सोडला तर कोलेस्टेरॉल किती उतरेल' यावरून जे रण पेटलं, त्यात निम्म्या लोकांनी आपापले रिपोर्ट टाकले आणि शेवटी धाग्याला कुलूप लागलं. मिसळ तिकडेच राहू दे. रिपोर्टांवर बोलायला हा वेगळा धागा. मी इथंच कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची की बंद करायची, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तिकडे सगळे एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर भांडत होते. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत तो अर्धीच हकीकत सांगतो. उरलेली अर्धी दोन ठिकाणी असते: रक्तात कण किती फिरतायत, आणि जन्मताना आईबापांकडून काय घेऊन आलोय.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून शरीर ती प्रथिनांच्या वेष्टणात घालून रक्तातून फिरवतं. एलडीएल, व्हीएलडीएल ही त्या कणांची नावं. या प्रत्येक कणावर अ‍ॅपोबी नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. म्हणजे अ‍ॅपोबी मोजलं की कणांची शिरगणती झाली. रिपोर्टवरचं एलडीएल मात्र त्या कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल किती, एवढंच सांगतं. गाळप हंगामात बावड्याचा रस्ता किती टन ऊस चाललाय यावर तुंबत नाही, ट्रॉल्या किती आहेत यावर तुंबतो. तसंच हे. धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतो तो कण, आणि तिथं अडकून पुढची सूज आणि साका (चरबीचा थर) सुरू करतो तोही कणच.

आता यात आपला संबंध कुठं येतो? ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असलं की एलडीएलचे कण लहान होतात. कोलेस्टेरॉलचं एकूण वजन तेवढंच, पण कण जास्त. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. २०१४ साली छापलेल्या त्या आकड्यांत ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं, २९.५ टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त, आणि एलडीएल जास्त असलेले फक्त ११.८ टक्के. नुसतं एलडीएल बघणाऱ्याला इथली बहुतेक माणसं ठणठणीतच दिसणार.

एचडीएलला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणायची सवय आहे, पण त्या कौतुकाला २००६ मध्ये मोठा धक्का बसला. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधानं एचडीएल भरपूर वाढलं आणि मृत्यूही वाढले. सुमारे १५ हजार रुग्णांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून आणखी कळलं: ज्यांचं एचडीएल जन्मतःच जास्त असतं, त्यांना त्यामुळे हार्ट अ‍ॅटॅकपासून वेगळं संरक्षण मिळत नाही. कमी एचडीएल ही खूण आहे, बाकी काहीतरी बिघडलंय याची. ते औषधानं ओढून वर काढल्यानं काही साधत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट पीसीएसके-९ची. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या जनुकातला दोष सापडला. त्या जनुकाचं प्रथिन जास्त काम करायला लागलं की यकृतावरचे एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मोडून टाकतं, आणि रक्तात एलडीएल साचतं. मग डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे जनुक जन्मतःच निकामी आहे, त्यांचं काय होतं? २००६ मधलं उत्तर असं की अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकार ८८ टक्के कमी.

२८ टक्के एलडीएल तर साध्या स्टॅटिननंही (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीनं) उतरतं, पण धोका काही ८८ टक्के उतरत नाही. फरक वर्षांचा आहे. गोळी पन्नाशीत सुरू होते, जनुक पाळण्यापासून काम करत असतं. २०१२ मध्ये हाच हिशोब अनेक जनुकांवर करून पाहिला गेला. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमनं (दर डेसीलिटर रक्तामागे, रिपोर्टवर असतं तसंच) जन्मभर कमी असेल, तर धोका ५० टक्क्यांहून जास्त उतरतो. गोळीच्या चाचण्यांत तेवढ्याच घटीला पाचेक वर्षांत सुमारे २२ टक्के. पंचविशीतलं १५० एलडीएल 'तरुण आहे, बघू नंतर' म्हणून सोडणं मला म्हणूनच पटत नाही.

राहिलं लायपोप्रोटीन (ए), वारशानं येणारा आणखी एक कण. त्यावर प्रतिसादांत बोलू, आधीच लांबलंय.

तालमीतला_बापू:

ताई, लिवलंय झ्याक. पण एक सांगा. आमचा आज्जा गंगावेशीत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा, वर थंडाई, तूप, आठवड्याला मटण. नव्वदी पार केली गड्यानं, शेवटपर्यंत जिना चढत हुता. त्याला कुठला अ‍ॅपोबी आन् कुठलं काय. पैलवानाच्या खुराकाला नावं ठेवायची नाय बगा.

पंचगंगा_घाट:

बापू, खुराकाला नाव ठेवत नाही. पण आज्जा तो खुराक कशावर रिचवत होते, तेही सांगा की. पहाटेपासून जोर, बैठका, मातीतली मेहनत. सतत काम करणारे स्नायू रक्तातले ट्रायग्लिसराइड जाळतात, हे अगदी खरं. एलडीएलवर मात्र व्यायामाचा असर थोडाच होतो. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के चरबी, आणि तीही बहुतांशी संपृक्त.

दुसरं म्हणजे, नव्वदी गाठलेल्या आज्जाची गोष्ट घराघरात सांगितली जाते. त्याच आखाड्यातले जे पंचेचाळिशीत छातीला हात लावून बसले, त्यांची कोण सांगतंय? आणि मी आजूबाजूला बघते तो खरा घोळ आखाडा सुटल्यावरचा आहे. लंगोट खुंटीला लागतो, खुराक तसाच चालू राहतो.

तालमीतला_बापू:

हे मातुर खरं हाय. तालीम सुटल्यावर पोट सुटलेले लई दोस्त हायत आमचे. नावं घेत नाय, हितंच वाचत असतील.

लॅबवाली:

लॅबमध्ये काम करते, म्हणून एक गोष्ट सांगते जी रिपोर्टवर बहुतेक वेळा लिहिलेली नसते. तुमचं एलडीएल पुष्कळ ठिकाणी मोजलेलंच नसतं, हिशोबानं काढलेलं असतं. १९७२ मधलं फ्राइडवाल्ड सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, आणि त्याच्या खालीही ते जसजसं वाढतं तसतसं एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसायला लागतं.

एक उदाहरण घ्या. एकूण १९८, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४. हिशोबानं एलडीएल आलं ११२. माणूस खूश. आता १९८ मधून फक्त ३४ वजा करा: १६४. हे नॉन-एचडीएल. अ‍ॅपोबी असलेल्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात धरलं जातं. साध्या, धोका कमी असलेल्या माणसाचंसुद्धा हे १३० च्या आत हवं. तोच कागद, तेच रक्त, आणि खूश व्हायचं कारण राहत नाही. वेगळी तपासणी नको, पैसा नको, एक वजाबाकी करायची.

आणि हो, उपाशीपोटीवरून काउंटरवर होणारी रोजची भांडणं. साध्या लिपिड प्रोफाइलला, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीला, उपाशी असायलाच हवं असं आता नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच तसं सांगितलं, आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही ते आलंय. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं तर उपाशीपोटी पुन्हा करायचं. पण बरोबर शुगर लिहिली असेल तर उपाशीच या, आणि 'फक्त बिनसाखरेचा चहा घेतला' म्हणून मला फसवू नका.

निवृत्त_मास्तर:

माहिती उद्बोधक आहे. तथापि एक शंका. स्टॅटिन हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा असून त्याने स्नायू गळतात, मेंदू मंद होतो, मधुमेह जडतो असा एक सविस्तर संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या समूहावर आला आहे. संघातील दोघांनी तो वाचून गोळी बंदही केली. या विषयातील कोणी अधिकारी व्यक्ती खुलासा करील काय?

मिरजकर_एमडी:

मास्तर, त्या दोघांना आधी आपापल्या डॉक्टरांकडे पाठवा. एकाला स्टेंट असेल तर आजच.

स्टॅटिन कुठल्या कंपनीच्या जाहिरात विभागात जन्मलं नाही. १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन, म्हणजे पहिलं स्टॅटिन, सापडलं. ती बुरशी क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची. एंडो २०२४ मध्ये वारले. स्टॅटिन नेमकं कसं काम करतं, हे ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्या एलडीएल ग्राहकांवरच्या कामातून कळलं. त्या कामाला १९८५ चं नोबेल आहे.

स्नायूदुखीबद्दल. लंडनमध्ये सॅमसन नावाची एक फार हुशारीनं केलेली चाचणी झाली. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. वर्षभर चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, चार महिने काहीच नाही, हे महिने उलटसुलट क्रमानं. रोज फोनवर त्रासाचे गुण नोंदवायचे. काही न घेता ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे त्रास खराच होता, पण त्यातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही होत होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

उरलेले १० टक्के मी नाकारत नाही. क्वचित खरा स्नायुदाह होतो, तेव्हा सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासतो, औषध बदलतो. मधुमेहाचा धोकाही किंचित वाढतो, मुख्यतः ज्यांची साखर आधीच काठावर असते त्यांच्यात. पण ज्याला अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचाच आहे. तुमच्या समूहावरचा संदेश यातलं 'किंचित' तेवढं गाळतो.

राजारामपुरीची_सुगरण:

मला सरळ सांगा, पांढरा रस्सा खायचा की नाही? नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाचं सूप. आमच्याकडे पाहुणे आले की त्याशिवाय ताट वाढलं असं होत नाही. शिवाय घाण्याचं तेल चांगलं की रिफाइंड? आणि साखर बंद करून गूळ घेतला तर? माझं एकूण कोलेस्टेरॉल पाळी गेल्यावर एकदम वर गेलंय, खाण्यात काही फरक नाही.

पंचगंगा_घाट:

सुगरणताई, पांढरा रस्सा सणाला, पाहुण्यांना जरूर. रोजच्या वाटीला नको. नारळाच्या चरबीत ८५-९० टक्के संपृक्त आम्लं असतात आणि ती एलडीएल वाढवतात, 'नैसर्गिक' असली तरी. काजू-खसखशीची चरबी वेगळ्या जातीची, तिची काळजी नको. तांबड्या रश्शातला तवंग कुठल्या तेलाचा आहे, त्यावर आहे.

घाण्याच्या शेंगतेलाची चव आणि वास न्यारा, मीही तेच वापरते. पण घाण्यातून काढल्यानं त्यातली मेदाम्लं बदलत नाहीत. रिफाइंड शेंगतेलात तीच असतात. करडईत संपृक्त फार कमी. सगळ्यात वाईट ते डालडा जातीचं. तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. सुटं, बिनलेबलाचं काय असतं, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

गुळाबद्दल इथं बोलले तर शाहू मार्केट यार्डात मला उभी करणार नाहीत. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चव जगात नाही. पण यकृताला तो साखरेसारखाच. जास्तीची साखर, गूळ, मैदा आणि दारू यांचं यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं. एलडीएल वाढवण्यात तूप-नारळाचा हात मोठा आणि ट्रायग्लिसराइडला गोडाचा, हे बरेच जण उलटं समजतात. तेल बंद करतात आणि चहा दिवसातून सहा वेळा.

मिरजकर_एमडी:

सुगरणताईंच्या शेवटच्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं. पाळी गेल्यावर एलडीएल वाढतं, त्यात तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही. मात्र थायरॉइड एकदा बघून घ्या. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढलेला असेल तर कोलेस्टेरॉल वर जातं आणि थायरॉइडची गोळी सुरू केली की पुष्कळदा आपोआप खाली येतं. हे न बघता थेट स्टॅटिन लिहिलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्यात.

राजारामपुरीची_सुगरण:

थायरॉइड कुणी सांगितलंच नव्हतं. थँक्यू डॉक्टर. रस्सा सणाला, हे मान्य. गुळाचं बघू.

ऊसवाला_हातकणंगले:

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. माझा थोरला भाऊ ४१ व्या वर्षी गेला. तंबाखू नाही, दारू नाही, शेतात राबणारा. गेला त्याच्या आधीच्या वर्षी गावात शिबिर झालं होतं, त्यात एलडीएल ११८. 'नॉर्मल' म्हणून कागद दिला होता, तो अजून घरात आहे. नंतर मला एका डॉक्टरांनी लायपोप्रोटीन (ए) करायला लावलं. माझं ९६ मिलिग्रॅम आलं. त्यांनी मला स्टॅटिन दिलं, चालू आहे. पण हे ९६ काही हलत नाही. जेवण पार बदललं, वजन उतरवलं, तरी पुढच्या वेळीही तेवढंच. आता याचं करायचं काय? मला दोन पोरं आहेत.

पंचगंगा_घाट:

भाऊ, वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, याच विषयासाठी मला प्रतिसादांत जागा हवी होती.

ते ९६ हलणार नाही, आणि त्यात तुमचं काही कमी पडत नाहीये. लायपोप्रोटीन (ए) नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलं. एलडीएलच्याच कणाला अ‍ॅपो(ए) नावाचं एक लांबलचक प्रथिन चिकटलेलं असतं. ते किती लांब आणि किती बनणार, हे एलपीए या एका जनुकावर ठरतं. सुमारे ९० टक्के भाग वारशाचा. पाचेक वर्षांच्या वयात पातळी जवळपास ठरून जाते आणि मग जन्मभर साधारण तिथंच राहते. पथ्य, व्यायाम यांना ती दाद देत नाही, स्टॅटिनलाही नाही. हे कण धमनीत साका वाढवतात आणि हृदयाची महाधमनी झडपसुद्धा कडक करतात.

५० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे जास्त. जगात साधारण पाचातल्या एकाला असतं. आपल्याकडे चारातल्या एकाला, असं कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या सूचना म्हणतात. प्रत्येक प्रौढानं आयुष्यात निदान एकदा हे मोजावं, असंही त्यात आहे. लिपिड प्रोफाइलच्या नेहमीच्या पाकिटात ते येत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. तुमच्या भावाच्या कागदावर ते नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं.

मिरजकर_एमडी:

करायचं काय, ते मी सांगतो. जे हलत नाही त्याच्याभोवतीचं सगळं हलवायचं. एलडीएल ७०च्या आत, आणि तुमच्या डॉक्टरांना धोका फार जास्त वाटला तर ५५च्या आत. रक्तदाब, साखर चोख. स्टॅटिननं भागलं नाही तर एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. त्यापुढे पीसीएसके-९ अडवणारी इंजेक्शनं आहेत, त्यांनी लायपोप्रोटीन (ए)सुद्धा २०-२५ टक्के उतरतं. महाग आहेत, हे लपवत नाही.

खास याच कणावरची औषधं तयार होतायत. जनुकाकडून यकृतात जो निरोप जातो, तोच अडवायचा अशी युक्ती. पेलाकार्सेननं मधल्या टप्प्याच्या चाचणीत पातळी ८० टक्क्यांपर्यंत उतरली, ओल्पासिरानच्या मोठ्या मात्रेत ९५ टक्क्यांच्या वर, आणि २०२५ मध्ये छापलेल्या लेपोडिसिरानच्या चाचणीत एका इंजेक्शननं सहा महिने साधारण ९४ टक्के. पण आकडा उतरणं वेगळं आणि अ‍ॅटॅक टळणं वेगळं. एचडीएलचा धडा ताईंनी वर दिलाच आहे. पेलाकार्सेनची आठ हजारांवर रुग्णांची चाचणी याच प्रश्नासाठी आखली गेली. नायसिन या जुन्या औषधानंही (ब-३ जीवनसत्त्व) ही पातळी थोडी उतरायची, पण मोठ्या चाचण्यांत अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत. कुणी नायसिन सुचवलं तर घेऊ नका.

पोरांची तपासणी करा. वारसा असा आहे की प्रत्येक मुलाला तुमच्याकडून तो येण्याची शक्यता साधारण निम्मी. तुमच्या भावाला मुलं असतील तर त्यांचीही. आलं तरी घाबरायचं कारण नाही. तंबाखू कधीच नको, वजन-रक्तदाब आटोक्यात आणि एलडीएलवर लहानपणापासून नजर. वीस-तीस वर्षं हातात आहेत, ती तुमच्या भावाला मिळाली नाहीत.

आयटीतला_कागलकर:

एकच इंजेक्शन घेऊन जनुकच दुरुस्त करतात, आयुष्यभर गोळी नको, असं वाचलं. खरंय का? माझं एलडीएल २१०, वडिलांचंही तेवढंच. वय २९. जिम, ओट्स सगळं करून झालं.

पंचगंगा_घाट:

जनुकाचं नंतर. आधी २१०. गोळीविना एलडीएल १९० च्या वर आणि वडिलांचंही तसंच, म्हणजे वंशपरंपरेनं येणारा कोलेस्टेरॉलचा आजार असू शकतो. टाचेच्या मागच्या स्नायुबंधावर गाठीसारखं काही लागतं का? वडिलांच्या पापण्यांवर पिवळसर डाग आहेत? जगभरात हा सुमारे २५० ते ३०० माणसांमागे एकाला असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. तेच प्रमाण इथं लावलं तर जिल्ह्यात तेरा-पंधरा हजार माणसं निघतील. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? ओट्सनं हे आटोक्यात येत नाही. डॉक्टर गाठा.

आता जनुक. व्हर्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीनं यकृतातल्या पीसीएसके-९ जनुकाचं एक अक्षर बदलून ते बंद करायचा प्रयोग केला. २०२३ मध्ये सांगितलेल्या निकालात सगळ्यात मोठ्या मात्रेला एलडीएल ५५ टक्के उतरलं. पण रुग्ण मूठभर, आणि २०२४ मध्ये एका रुग्णाच्या यकृत-प्लेटलेटच्या चाचण्या बिघडल्यावर त्या पहिल्या औषधाची भरती थांबवली. संशय गेला तो औषध वाहून नेणाऱ्या सूक्ष्म गोळीवर, आणि ती गोळीही लिपिडची, म्हणजे चरबीचीच! पुढच्या औषधात वेगळी गोळी घेतली. २०२५ मध्ये एएनजीपीटीएल-३ या दुसऱ्या जनुकावर १५ जणांत प्रयोग झाला, त्यात एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही निम्म्याच्या आसपास आली. उत्साह वाटावा असंच आहे. पण केलेला बदल परत फिरवता येत नाही, आणि तुम्ही २९ चे आहात. इन्क्लिसिरान हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आज मिळतं, ते जनुकाला हात लावत नाही, नुसता निरोप अडवतं.

आजरा_घनसाळ:

चरबी म्हटलं की सगळे हृदयावर. फॅटी लिव्हरचं काय? सोनोग्राफीत निघालेलं नाही असा माणूस माझ्या ऑफिसात सापडत नाही.

पंचगंगा_घाट:

त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. थोडक्यात सांगायचं तर २०२३ मध्ये त्याचं नावच बदललं, 'अल्कोहोलशिवायचा' हा शब्द काढून चयापचयाशी जोडला. पीएनपीएलए-३ या जनुकातला एक फरक असला की बारीक माणसालाही तो होऊ शकतो. २००८ मधला हा शोधही हॉब्ज यांच्याच गटाचा. आणि सगळे हृदयावर म्हणालात म्हणून मेंदूचंही सांगते: आल्झायमर यांनी १९०७ मध्येच रुग्णाच्या मेंदूतल्या पेशींत चरबीचे थेंब दिसल्याचं लिहिलं होतं. पुढे पिढ्यान् पिढ्या सगळे प्रथिनांच्या गाठींमागे लागले. २०२४ मध्ये एपीओई-४ हा आल्झायमरचा धोका वाढवणारा जनुकाचा वारसा असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या रक्षक पेशी चरबीनं भरलेल्या सापडल्या, तेव्हा कुठं त्या थेंबांकडे पुन्हा लक्ष गेलं.

तालमीतला_बापू:

ताई, मी करून घेतो ते अ‍ॅपोबी. पण दूध बंद करा म्हणालात तर धागा सोडीन.

पंचगंगा_घाट:

आकडा आल्यावर दुधाचं ठरवू, बापू. साय काढलेलं चालतंय का बघा.

तालमीतला_बापू:

साय काढल्याव दूध कशाला म्हणायचं त्याला.

ऊसवाला_हातकणंगले:

डॉक्टर, ताई, आभार. भावाच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, तिलाही नेतो. तपासणीला जाताना लॅबमध्ये नेमकं काय सांगायचं?

लॅबवाली:

'लायपोप्रोटीन (ए)' असं पूर्ण सांगा, नुसतं 'लायपो' म्हणाल तर काउंटरवरचा मुलगा लिपिड प्रोफाइल लावून मोकळा होईल. उपाशी यायची गरज नाही. काही लॅब नमुना बाहेरगावी पाठवतात, त्यामुळे रिपोर्टला दोन-चार दिवस धरून चाला. आला की आधी एकक बघा. कुठं मिलिग्रॅममध्ये येतं, कुठं नॅनोमोलमध्ये. ५० मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानानं १२५ नॅनोमोल, पण प्रत्येकाचं ते प्रथिन वेगवेगळ्या लांबीचं असल्यानं एकाच आकड्यानं गुणून अचूक रूपांतर होत नाही. तेव्हा तुमच्या ९६शी पोरांचा आकडा ताडून बघायचा असेल तर तुमचा जिथं केला त्याच लॅबमध्ये करा. ताप-सर्दी असेल तर ती उतरल्यावर या. बारावीच्या मुलीला परीक्षेच्या आठवड्यात सुई टोचायला आणू नका, हा आकडा महिन्याभरानं काही बदलणार नाही.